दहावी झाली, मुलगा ओट्यावर बसला: सौम्य दिव्यांग मुलांच्या शाळा ते काम या मधल्या वर्षांबद्दल

गिरणाकाठ

नमस्कार मंडळी. गिरणा नदीच्या पट्ट्यातल्या गावांतून मी चौदा वर्षं फिरती विशेष शिक्षिका म्हणून काम करतेय. दरवर्षी दहावीचा निकाल लागला की फोन सुरू होतात. "मॅडम, पोऱ्या पास व्हई गया, आते काय करानं?" हा प्रश्न नववीत कोणी विचारत नाही, आठवीत तर नाहीच. तोवर सवलतीचे कागद, लेखनिक शोधणं, तासामागे वीस मिनिटं जादा वेळेचा अर्ज, यातच घर आणि शाळा दोघं दमून जातात. मग एका दिवसात सगळं थांबतं. दाखला कपाटात जातो आणि मुलगा ओट्यावर.

मी ज्या मुलांबद्दल बोलतेय ती बघून ओळखू येत नाहीत. सौम्य बौद्धिक अक्षमता, वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमता, कमी ऐकू येणं, एका हातात ताकद कमी असणं. अपंगत्व डोळ्यांना दिसत असलं की लोक निदान थांबून चौकशी करतात. या मुलांच्या वाट्याला मात्र "लक्ष देत नाही", "आळशी आहे", "येडा आहे" एवढंच येतं. पाचवीपासून ऐकत आलेली मुलं ती. कामावर पहिल्याच आठवड्यात तेच शब्द पुन्हा कानावर आले की घरी निघून येतात.

एक प्रसंग सविस्तर सांगते. माझा एक विद्यार्थी, सौम्य बौद्धिक अक्षमता, जळगावच्या एमआयडीसीत प्लॅस्टिक चटईच्या एका कारखान्यात लागला. पाचव्या दिवशी घरी. मी जाऊन सुपरवायझरला भेटले. भला माणूस. म्हणाला, "पोरगं मनाचं चांगलं आहे मॅडम, पण सांगितलेलं अर्धंच करतं." मी म्हटलं, मला अर्धा तास इथे उभं राहू द्या. तेव्हा दिसलं ते असं. सुपरवायझर चालता चालता एका दमात सांगतो, "खालचे तुकडे झाडून घे, चटया दहा-दहाच्या लाव, वर चिठ्ठ्या चिकटव आणि आकडा वहीवाल्याला सांगून ये." मशीनच्या आवाजात. मुलगा झाडतो आणि थेट वहीवाल्याकडे जाऊन उभा राहतो. पहिलं आणि शेवटचं तेवढं लक्षात राहिलेलं, मधली दोन कामं गायब.

दुसऱ्या दिवशी त्याच्या उजव्या खिशात चार चिंचोके टाकले. एक काम झालं की एक चिंचोका डाव्या खिशात. उजव्या खिशात चिंचोका शिल्लक असेल तर वहीवाल्याकडे जायचं नाही, मागे वळून बघायचं काय राहिलं ते. आणि सुपरवायझरला एवढीच विनंती केली की पहिला आठवडा चारही कामं त्या-त्या जागेवर उभं राहून दाखवा. तीन वर्षं झाली, मुलगा तिथेच आहे. चिंचोके दोनेक महिन्यांतच सुटले.

मला आता असं ठामपणे वाटतं की या मुलांना काम शिकवणं अवघड नाही. राहून जातं ते कामाभोवतीचं सगळं: वेळेवर उठणं, बस ओळखणं, अडलं तर विचारणं, जेवणाच्या सुट्टीत चारचौघांत बसणं, पगार सांभाळणं. ते शिकवायची सुरुवात चौदाव्या वर्षी व्हायला हवी, आणि आपण ती सतराव्या वर्षी, निकालानंतर करतो. तुमचे अनुभव लिहा. पालक, दुकानदार, कारखानदार, आणि ज्यांनी हे स्वतः भोगलंय तेही.

डाळमिलवाला

ताई, मी जळगावचाच. डाळमिल आहे, वडिलांपासून. दोन मुलं ठेवली होती, एक टिकला, एक गेला. दोन्हींत आमची चूक कुठे झाली ते लिहितो.

पहिल्याला सॉर्टेक्स मशीनजवळ (रंग बघून खराब दाणे वेगळे काढणारं मशीन) ठेवलं, कारण तिथे बसून करायचं काम आहे, त्याला सोपं जाईल असं वाटलं. तिथला आवाज त्याला सहनच होत नव्हता. कानावर हात ठेवून उभा राहायचा आणि बाकीचे हसायचे. चौथ्या दिवशी मुकादमाने त्याला बारदानाकडे नेलं. रिकामी बारदानं झटकणं, फाटकी बाजूला काढणं, चांगली पंचवीसच्या गठ्ठ्यात बांधणं. तिथे तो इतका नेटका निघाला की फाटकं बारदान भरणीला जायचं बंद झालं. आधी आठवड्याला दोन-तीन पोती फुटून डाळ सांडायची.

आता चूक सांगतो. सगळं त्या एका मुकादमावर उभं होतं. दिवाळीला मुकादम पंधरा दिवस गावी गेला. नवा माणूस मोठ्याने बोलणारा. तिसऱ्या दिवसापासून मुलगा आला नाही. मी कामात, लक्षच गेलं नाही. आठ दिवसांनी घरी माणूस पाठवला तेव्हा आईने सांगितलं, "तो म्हणतो, काका नाहीत म्हणजे मिल बंद आहे." मुकादम परत आल्यावर मुलगाही आला. पण दुसऱ्याच्या बाबतीत तेवढंही आम्ही केलं नाही, तो सुटलाच.

शाळांना माझं सांगणं आहे, आमच्याकडे मुलाला घेऊन येता तेव्हा दया मागू नका, माहिती द्या. एक कागद पुरे. याला काय येतं, कुठे अडतो, अडला की काय करतो (गप्प बसतो, चिडतो की निघून जातो), आणि तेव्हा कोणाला फोन करायचा. हा कागद मला कोणीच दिला नाही.

गिरणाकाठ

भाऊ, "अडला की काय करतो" हे वाक्य मी उद्यापासून माझ्या कागदात घालणार. आणि ओळखीची माणसं एकाऐवजी दोन हवीत, हेही.

सातपुड्यातला

धागा चांगला आहे. पण सगळं शेठ लोकांच्या चांगुलपणावर का सोडायचं? कायद्यात काय आहे तेही लिहा. आमच्याकडे शहादा-तळोद्याकडे पालकांना दिव्यांग कार्डाच्या पुढे काही माहीत नसतं.

गिरणाकाठ

बरोबर आहे. मला रोज लागतं तेवढं लिहिते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा. १९९५ च्या जुन्या कायद्यात सात प्रकार होते, नव्यात एकवीस झाले. विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यात आली ती याच कायद्याने. सरकारी नोकरीतलं आरक्षण तीनवरून चार टक्के झालं. त्यातला एक टक्का स्वमग्नता (ऑटिझम), बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांचा मिळून आहे. बहुतेक लाभांसाठी प्रमाणपत्रावर किमान चाळीस टक्के लागतात. सौम्य बौद्धिक अक्षमता पन्नास टक्के धरतात, पण सीमारेषेवरच्या मुलाला पंचवीसच. म्हणजे वर्गात दोघं शेजारी बसून सारखेच अडखळतात, आणि एकाला कार्डाचा उपयोग होतो, दुसऱ्याला काहीच नाही. या दुसऱ्या मुलांची मला जास्त काळजी वाटते. त्यांच्यासाठी चिंचोके आणि मुकादमच आहेत.

अध्ययन अक्षमतेच्या पालकांनी एक नीट लक्षात ठेवा. या प्रमाणपत्राची चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी असते. अठरानंतरचं कायमचं. दहावीच्या सवलतीसाठी काढलेला कागद लोक जपून ठेवतात आणि नोकरीचा अर्ज भरताना कळतं की मुदत संपली. आजच कपाट उघडून तारीख बघा.

शिकाऊ उमेदवारीबद्दल फार कमी जण विचारतात. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, अडीच ते पंधरा टक्के. २०१९ च्या नियमांत पाचवी ते नववी शिकलेल्यालाही किमान ५००० रुपये विद्यावेतन धरलं होतं, दहावी झालेल्याला ६०००. सरकारी योजनेतून त्यातला पाव हिस्सा, जास्तीत जास्त १५०० रुपये, मिळायची सोय आहे. डाळमिलवाले भाऊ, तुमच्यासारख्यांनी हे बघावं. मुलाला वर्षभर शिकायला मिळतं आणि पहिल्याच दिवसापासून पूर्ण कामगाराशी त्याची तुलना होत नाही.

आयटीआयचंही बघा. वायरमन, वेल्डर आठवी पासवर आहेत, पण इलेक्ट्रिशियनला दहावीचं गणित-विज्ञान लागतं. नववीत सवलत म्हणून गणिताच्या जागी सोपा विषय घेताना हा विचार कोणी करत नाही. सवलत जरूर घ्या, पण पुढची कोणती वाट त्याने अडते ते आधी शाळेत विचारा.

भुसावळकर_वायरमन

माझं नाव वायरमन आहे म्हणून लिहायला आलो. हे सगळं बोलून टाइप करतोय, काही चुकलं तर समजून घ्या.

मला वाचताना अक्षरं जागा सोडतात. शाळेत मार खाल्ला, नववीत एका बाईंनी तपासणीला पाठवलं तेव्हा त्याला नाव मिळालं. आयटीआय केलं. प्रॅक्टिकलला वर्गात पहिला, थिअरीत कसाबसा. मग एका ठेकेदाराकडे लागलो आणि ठरवलं, इथे कोणाला काही सांगायचं नाही. दोन वर्षं लपवलं. यादी वाचायची वेळ आली की चष्मा विसरलो म्हणायचो. मला चष्माच नाही.

मग एका घरी सोळा अँपिअरच्या जागी सहाचा एमसीबी (जास्त वीज ओढली की आपोआप पडणारा खटका) बसवला. मे महिना, भुसावळचं ऊन. कूलर आणि फ्रिज बरोबर चालू झाले की लाइट जायची. घरात म्हातारी आजी. ठेकेदार तीनदा जाऊन आला, चौथ्या वेळी त्याने डबी उघडली आणि माझ्याकडे बघितलं. तेव्हा सांगितलं. मला वाटलं संपलं. तो म्हणाला, "आधी सांगायला काय झालं होतं? यादी मी बोलून पाठवली असती."

आता तो यादी व्हॉइस मेसेजवर पाठवतो. दुकानातून आणलेल्या मालाचा मी फोटो काढतो, फोन वाचून दाखवतो. आकडा दोनदा ऐकतो, मग बसवतो. त्यानंतर अशी चूक नाही.

ताई, मला एक विचारायचंय. नव्या ठिकाणी जाताना सांगावं की नाही? माझे मित्र म्हणतात सांगितलं की घेतच नाहीत.

गिरणाकाठ

भाऊ, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. माझं मत सांगते, ते सगळ्यांना पटेल असं नाही. अक्षमतेचं नाव सांगायची गरज नाही. "मला लिहिलेल्यापेक्षा बोललेलं लवकर कळतं, यादी बोलून पाठवा" एवढं पहिल्या दिवशी सांगावं. समोरच्याला तुमच्या डोक्यात काय चाललंय हे कळून उपयोग नाही, त्याने काय करायचं ते कळायला हवं. आणि जिथे चुकीने कोणाच्या जिवाला धोका आहे, वीज, मशीन, औषधं, तिथे लपवू नये. यावर मी ठाम आहे.

सरकारी जागेचा अर्ज मात्र वेगळा. तिथे प्रमाणपत्र जोडायचंच.

पांझरेकाठी

धुळ्याहून. मुलीला कमी ऐकू येतं, दोन्ही कानांना यंत्र. बीकॉम झाली, एका दुकानात हिशेब लिहिते. पहिल्या महिन्यात मालक म्हणाले, हाक मारली तर ऐकत नाही, उत्तर देत नाही, गर्विष्ठ वाटते. आम्ही घरी तिलाच बोललो, नीट लक्ष दे म्हणून. त्याचं आजही वाईट वाटतं.

एक दिवस डबा द्यायला गेलो तेव्हा कळलं. तिचं टेबल बरोबर कूलरसमोर. उकाड्यात मुलीला थंड हवा मिळावी म्हणून मालकांनीच मायेने दिलेली जागा. पण यंत्र सगळाच आवाज मोठा करतं. तिच्या कानात दिवसभर नुसता कूलरचा घरघराट. टेबल भिंतीकडे हलवलं, तोंड दरवाजाकडे, म्हणजे कोण येतंय ते दिसतं. फोन घेणं दुसऱ्याकडे, तिच्याकडे व्हॉट्सअ‍ॅपच्या ऑर्डरी. एका टेबलाचा प्रश्न होता.

घामाने यंत्र बिघडतं, तेही सांगून ठेवतो. उन्हाळ्यात रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं. शाळेत कोणी सांगितलं नाही, यंत्रवाल्याने तिसऱ्या दुरुस्तीला सांगितलं.

मिरचीपथारी

मी नंदुरबारची. माझी मुलगी २१ वर्षांची, समज थोडी कमी. माझ्याबरोबर पथारीवर (मिरची वाळवायची मोकळी जागा) मिरचीचे देठ खुडायला येते. हात चांगला चालतो तिचा. पण बाकीच्या बायकांना किलोवर पैसे, आणि हिला "आईसोबत येते" म्हणून दिवसाचं काहीतरी हातावर ठेवतात. मी बोलले नाही, काम जाईल म्हणून. पेन्शन आहे तीही जाईल का, याची भीती वाटते.

गिरणाकाठ

ताई, तिची मिरची वेगळ्या टोपलीत ठेवा आणि रोज वेगळी मोजायला लावा. आठ दिवस वहीत लिहा. तिने कमी खुडली तर कमी पैसे, पण किलोचा दर सगळ्यांना जो तोच तिला. वजन वहीत आलं की मागायला तोंड येतं. एकट्या बोलू नका, शेजारच्या दोघींना बरोबर घ्या.

पेन्शनची भीती खोटी नाही, म्हणून ती झटकून टाकणार नाही. संजय गांधी निराधारला दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा पन्नास हजार आहे. महिन्याला सात-आठ हजारांची नोकरी लागली तरी ती ओलांडली जाते. मी कित्येक आई-बाप पाहिलेत ज्यांनी याच हिशेबाने मुलाला घरी ठेवलं. मी त्यांना दोष देत नाही. हंगामी काम आज आहे, उद्या नाही, पेन्शन दर महिन्याला येते. पण जिथे बारमाही काम आणि बरा पगार दिसतोय, तिथे बसून दोन्ही आकडे कागदावर मांडा आणि तहसीलमध्ये खरं ते सांगा.

तिच्या नावाचं बँक खातं आहे का? नसेल तर काढा आणि पैसे काढायला तिलाच घेऊन जा. माझ्या एका विद्यार्थ्याचा पहिला पगार टपरीवर तीन दिवसांत "मित्रांनी" संपवला. तेव्हापासून मी दहावीच्या आधीच मुलांना सुट्टे पैसे मोजायला बाजारात नेते.

अमळनेरचा_परदेशी

मी काही वर्षं अमेरिकेत आहे, इथे शाळेत काम करतो. इथल्या कायद्यात अशा प्रत्येक विद्यार्थ्याचा वैयक्तिक आराखडा असतो आणि सोळाव्या वर्षापर्यंत त्यात शाळेनंतरचं नियोजन लिहावंच लागतं: पुढचं शिक्षण, काम, गरज असेल तर स्वतंत्र राहणं. त्या बैठकीला मुलाला स्वतःला बोलावतात. इथेही सगळं सुरळीत नाही, पण मुलाला समोर बसवून "तुला काय आवडतं?" विचारणं मला फार मोलाचं वाटतं. आपल्याकडे माझ्या चुलतभावाला हे कोणी कधीच विचारलं नाही. सगळे त्याच्या देखत त्याच्याबद्दल बोलायचे.

गिरणाकाठ

आपल्याकडेही विशेष शिक्षक वैयक्तिक आराखडा करतात, पण त्यात बहुतेक वाचन-गणिताचीच उद्दिष्टं असतात. शाळेनंतरचं एक पान आपण आपल्या हाताने जोडू शकतो, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. मी गेल्या वर्षी आठवीच्या एका मुलाला विचारलं. तो म्हणाला, केळीची गाडी भरायची. मला वाटलं, वडील हमाल आहेत म्हणून म्हणतो. नीट विचारल्यावर कळलं, त्याला घडाला धक्का न लागू देता ट्रकमध्ये रचणं आवडतं, कारण त्याच्या रचलेल्या गाडीत माल दबत नाही असं सावद्याच्या व्यापाऱ्याने सगळ्यांसमोर म्हटलं होतं. त्याला कौतुक एकदाच मिळालं होतं, आणि ते तिथे.

आखाजीची_लेक

ताई, मी चाळीसगावकडची. सगळं वाचून काढलं. माझा मुलगा आता नववीत गेला, सौम्य बौद्धिक अक्षमता, पन्नास टक्के. मी त्याला घराबाहेर एकट्याला पाठवतच नाही. तुम्ही म्हणता चौदाव्या वर्षी सुरू करा, पण मी नेमकं कुठून सुरू करू? या रविवारी काय करू, एवढंच सांगा.

गिरणाकाठ

या रविवारी त्याला दळण घेऊन चक्कीवर पाठवा. एकट्याला. डबा त्यानेच भरायचा, पैसे त्यानेच मोजून घ्यायचे. चक्कीवाल्याला फोन करून सांगून ठेवू नका. तुम्ही फार तर कोपऱ्यापर्यंत जा, पण त्याला दिसू नका.

आखाजीची_लेक

गेला होता. मी कोपऱ्यावर उभी होते, पाय कापत होते माझे. दहा मिनिटांत डबा तिथेच ठेवून परत आला. मला वाटलं घाबरला. म्हणाला, "ते विचारतात, कळण्याचं जाड की बारीक? तू सांगितलंच नाहीस." (कळणं म्हणजे भाकरीसाठी ज्वारी-उडीद एकत्र दळलेलं पीठ.) मी सांगितलं जाड. परत गेला, दळून आणलं, वरचे पाच रुपये माझ्या हातात दिले. मी त्याच्यावर ओरडणार होते की अर्ध्यातून का आलास, पण तुमचं आठवलं आणि गप्प राहिले.

गिरणाकाठ

बरं झालं गप्प राहिलात. त्याला अडलं, तो अंदाजाने काहीतरी बोलला नाही, आणि ज्याला माहीत आहे त्याला येऊन विचारलं. कामावर गेल्यावर त्याला हेच लागणार आहे. पुढच्या रविवारी पुन्हा दळणच. जाड-बारीक तुम्ही आपणहून सांगू नका, निघताना तो विचारतो का बघा. विसरला तर विसरू द्या, एक फेरी जास्त होईल.